न्गेगे ताटात आहे, मग रेड लिस्टमध्ये कशाला?

मागच्या अंकात सदराच्या तळाला जागा उरली म्हणून चार ओळींची चौकट टाकली होती, की पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातला न्गेगे नावाचा मासा आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे धोक्यातल्या जीवांच्या यादीत, ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, म्हणजे निसर्गातून नामशेष व्हायच्या एकच पायरी अलीकडे. एवढंच लिहिलं होतं. पण त्यावर इतके मेसेज आले की यावेळचं सगळं सदर न्गेगेनेच खाल्लं, साप चावल्यावर काय करावं आणि मधमाश्यांचं पोळं हलवता येतं का हे विचारणाऱ्यांनी महिनाभर दम धरा.

प्रश्न: ताई, तुमची माहिती चुकलीय असं वाटतं. माझा भाचा दोन वर्षं केनियात किसुमूला नोकरीला आहे. तो म्हणतो मामा, इथे सरोवराच्या काठाला ओळीने हॉटेलं आहेत, अख्खा न्गेगे तळून उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट गोळ्याबरोबर देतात, रोज ढिगाने खपतो, आणि मासिकात म्हणतात संपत आला. खरं काय?

उत्तर: भाच्याचंही खरं आणि रेड लिस्टचंही खरं. भांडण लावायचं असेल तर त्या नावाशी लावा.

न्गेगे हे मूळचं लुओ लोकांचं नाव, लुओ म्हणजे सरोवराच्या किसुमूकडच्या आखाताच्या काठचे, पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे. हे नाव ज्या माशाचं होतं त्याला शास्त्रात ओरिओक्रोमिस एस्कुलेंटस म्हणतात, १९२८ मध्ये मायकेल ग्रॅहम नावाच्या ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञाने त्याचं वर्णन केलं. एस्कुलेंटस हा लॅटिन शब्द, अर्थ काय तर ‘खाण्याजोगा’. म्हणजे नाव ठेवतानाच त्याचं भवितव्य लिहून ठेवल्यासारखं झालं.

आता भाच्याच्या ताटात जो येतो तो जवळजवळ नक्की नाईल टिलापिया, ओरिओक्रोमिस निलोटिकस, याच कुळातला पण वेगळा मासा. तो या सरोवराचा नाहीच. १९५० च्या दशकात बाहेरून आणून सोडला, इथे तो मस्त रुळला, न्गेगे कमी कमी होत गेला, आणि ज्या टोपलीत न्गेगे असायचा त्या टोपलीत हा दिसायला लागला. विकणाऱ्या बायकांनी नाव बदललं नाही, कशाला बदलतील, गिऱ्हाईक न्गेगेच मागतं ना. लुओत या नव्या माशाला न्यामामी असं वेगळं नाव आहे खरं, पण बाजारात टिलापिया म्हटला की सर्रास न्गेगे, आणि पलीकडे युगांडातही तेच. तिथे रोज आवडीने खाल्ला जाणारा मासा नाहीसा होतो आणि जेवणाऱ्याला पत्ताच नाही कारण नाव ताटात तसंच आहे, मला तर मासा जाण्यापेक्षाही हे जास्त चटका लावणारं वाटतं.

भाच्याला सांगा एकदा तळण्याआधी मासा हातात घेऊन शेपूट बघ. शेपटीच्या पंखावर वरपासून खालपर्यंत उभ्या बारीक पट्ट्यांची रांग दिसली, कोणीतरी पेनने ओढल्यासारखी, तर तो नाईल टिलापिया. खऱ्या न्गेगेच्या शेपटीवर अशा पट्ट्या नसतात. तळल्यावर मात्र काही कळत नाही.

प्रश्न: हा मासा नाईल पर्चने खाऊन संपवला असं मी सगळीकडे वाचलंय. तुम्ही चौकटीत पर्चचं नावसुद्धा घेतलं नाही. मुद्दाम?

उत्तर: हो, मुद्दाम. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणणार नाही, कारण नाईल पर्च काही संन्याशी नाही, दोन मीटर लांब आणि दोनशे किलोपर्यंत वाढणारा शिकारी आहे तो. पण न्गेगेच्या बाबतीत तो घटनास्थळी बराच उशिरा आला. तारखा नुसत्या ओळीने लावल्या तरी समजतं.

१९०१ मध्ये मोंबासाहून निघालेली रेल्वे सरोवरापर्यंत आली, किसुमूला, तेव्हा त्याला पोर्ट फ्लॉरेन्स म्हणायचे. तोपर्यंत मासे धरायचे ते टोपल्यांच्या सापळ्यांनी, नाहीतर पपायरस नावाच्या उंच गवताच्या देठांची केलेली ओढजाळी असायची त्यांनी, आणि खायचे ते काठावरच्या गावांनी. रेल्वे आली की मासा आतल्या शहरांपर्यंत जायला लागला, मागणी वाढली, आणि १९०५ च्या सुमाराला जवसाच्या सुताची गळजाळी आली. गळजाळं म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं सोडायचं, मासा आसातून, म्हणजे जाळ्याच्या भोकातून, डोकं घालतो, पुढे अंग जात नाही, मागे यावं तर कल्ले अडकतात. हे जाळं न्गेगेसाठी जणू मापच घेऊन केलेलं होतं. सुरुवातीला भरभरून मासे लागले आणि पंधरा-वीस वर्षांत दर जाळ्यामागे मिळणारे मासे इतके घटले की सरकारने १९२७ साली पाहणी करायला माणूस पाठवला. तो माणूस म्हणजेच वरचा ग्रॅहम. त्याने सांगितलं की आस पाच इंचाच्या खाली नको, म्हणजे निदान पिल्लं तरी सुटतील. हे झालं वरातीमागून घोडं, पण निदान घोडं तरी होतं. पुढे तोही नियम १९५० च्या दशकाच्या शेवटाकडे आणि १९६० च्या सुरुवातीला एकेका देशाने उठवला, कारण बारीक आसाची जाळी लोक वापरतच होते आणि पकडायला कोणी नव्हतं. त्याच सुमाराला नायलॉनची जाळी आली, सुतासारखी कुजत नाहीत, रोज वाळवायला नकोत, पाण्यात दिसतही नाहीत.

न्गेगे कमी झाला म्हणून मग उपाय काय काढला, तर दुसरे टिलापिया आणून सोडायचे. नाईल टिलापिया आला, झिली टिलापिया आला, ल्युकोस्टिक्टस आला. आगीतून फुफाट्यात. कारण काठालगतच्या उथळ गवताळ पाण्यात जिथे न्गेगेची पिल्लं वाढायची तिथेच यांचीही पिल्लं, आणि नाईल टिलापिया काहीही खातो, शेवाळ खातो, किडे खातो, तळातला कचरा खातो, न्गेगेसारखे त्याचे नखरे नाहीत. वर याचा आणि न्गेगेचा संकर होतो. म्हणजे एक तर जागा गेली, आणि वंशाचीही सरमिसळ.

नाईल पर्चही १९५० आणि ६० च्या दशकात सोडला गेला, आधी गुपचूप, मग उघड. हेतू काय तर सरोवरात सिक्लिड नावाच्या कुळातल्या (न्गेगेही त्यातलाच) बारीक काटेरी माशांचा खच आहे, ते गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लेखी कचरा, त्या कचऱ्याचं मोठ्या चवदार माशात रूपांतर करायचं, आणि शिवाय गळ टाकून मोठा मासा मारायची हौस. गंमत बघा, ग्रॅहमने १९२९ च्या अहवालातच सांगून ठेवलं होतं की बाहेरून मोठा शिकारी मासा आणून सोडणं अत्यंत धोक्याचं ठरेल, आधी नीट अभ्यास करा. अहवाल बहुतेक कपाटात राहिला. तरी पर्च वीसेक वर्षं दबून होता, त्याची संख्या भडकली ती १९८० च्या सुरुवातीला. तोपर्यंत मोठ्या सरोवरातला न्गेगेचा धंदा कधीच बसला होता. पर्चने शेवटचा घाव घातला असेल, पण खून त्याच्या एकट्याच्या नावावर टाकणं म्हणजे बाकीच्या सगळ्यांना जामीन देणं.

आणि अजून एक आरोपी राहिला, पाणी. तो पुढच्या उत्तरात येतोय.

प्रश्न: माझ्याकडे चार फुटी टँक आहे, आफ्रिकन सिक्लिड्स ठेवतो. न्गेगे मिळाला तर ठेवता येईल का? खातो काय?

उत्तर: नाही, आणि मिळवायच्या मागेही लागू नका. अर्धा मीटरपर्यंत वाढतो, चार फुटी टँकमध्ये त्याला वळताही येणार नाही. पण खातो काय हे विचारलंत ते बरं केलंत, कारण सगळी मेख तिथे आहे.

न्गेगे पाणी चावतो म्हणा. म्हणजे पाण्यात तरंगणारं, डोळ्याला न दिसणारं सूक्ष्म शेवाळ हे त्याचं जेवण. एवढ्या बारीक गोष्टी कल्ल्यांच्या जाळीतून निसटून जायला हव्यात, मग पकडतो कसा? हे कोडं मत्स्यशास्त्रज्ञ हम्फ्री ग्रीनवूड यांनी १९५३ मध्ये सोडवलं. माशाच्या तोंडात चिकट बुळबुळीत स्राव सुटतो, पाणी आत घेतलं की शेवाळाचे कण त्यात लडबडतात, त्यांचे दोरे, गोळे होतात, पाणी कल्ल्यांवाटे बाहेर जातं आणि गोळे मागे राहतात. मग घशात जे बारीक दातांचे दोन कंगवे असतात ते हे गोळे ओढून ओढून मागे सरकवतात आणि मासा गिळतो. दिवसभर हेच चालू, श्वास आणि जेवण एकाच घोटात.

त्यातही त्याची आवड ठरलेली, डायटम. डायटम म्हणजे काचेच्या डबीत राहणारं शेवाळ, कवच सिलिकाचं असतं. व्हिक्टोरियात पूर्वी औलाकोसिरा नावाच्या, साखळ्या करून राहणाऱ्या डायटमचं राज्य होतं, न्गेगेचा तो वरणभात. मग काठची जंगलं तुटली, शेती वाढली, शहरांचं सांडपाणी आलं, नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात उतरला, शेवाळ बेसुमार वाढलं आणि त्या वाढीत सरोवरातली सिलिका संपत गेली, काचच उरली नाही तर डब्या कुठून बनणार, औलाकोसिरा मागे पडलं आणि निळं-हिरवं शेवाळ माजलं. सरोवर हिरवंगार, खायला मुबलक, आणि न्गेगेच्या कामाचं त्यात फारसं काही नाही. नाईल टिलापियाला मात्र काहीच अडचण नाही, तो निळं-हिरवंही पचवतो.

प्रश्न: न्गेगेची मादी पिल्लं तोंडात ठेवते हे खरं आहे का, मुलीला शाळेत सांगायचंय.

उत्तर: खरं आहे. नर तळाच्या वाळूत उथळ खळगा करतो, मादी तिथे अंडी घालते, आणि लगेच तोंडात उचलून घेऊन निघून जाते, नर तिथेच पुढच्या मादीची वाट बघत. अंडी तोंडात फुटतात, पिल्लं तिथेच मोठी होतात, त्या काळात आई जवळजवळ उपाशी. नंतर पिल्लं बाहेर फिरायला लागली तरी धोका वाटला की सगळा घोळका परत तोंडात. मुलीला पुढचं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा: अशी मादी जाळ्यात अडकली की धडपडीत तोंडातलं सगळं ओकून टाकते. एक मासा ओढला असं कोळ्याला वाटतं, गेलेले असतात शेकडो.

प्रश्न: मग मूळ न्गेगे आता कुठेच नाही का? ‘अतिसंकटग्रस्त’ हे ठरवतात कसं, मासे मोजतात?

उत्तर: मोजत नाहीत, म्हणजे एकेक करून नाही. रेड लिस्टचे निकष आहेत, त्यातला एक असा की दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, संख्या ८० टक्के किंवा जास्त घटली आणि घटण्याची कारणं अजून तशीच आहेत, तर तो जीव अतिसंकटग्रस्त. जाळ्यात काय लागतं याच्या नोंदी, जागा किती उरली, बाहेरच्या जातींचा त्रास किती, यावरून तज्ज्ञ हे ठरवतात. आणि मूळ प्रदेशातलेच मासे धरतात, माणसाने दुसरीकडे नेऊन सोडलेले त्यात धरत नाहीत. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

न्गेगे एकटा नाही बरं. आययूसीएनने २०१८ मध्ये व्हिक्टोरिया खोऱ्याचा अहवाल काढला त्यात फक्त याच खोऱ्यात सापडणाऱ्या गोड्या पाण्यातल्या २०४ जाती तपासल्या होत्या, त्यातल्या ७६ टक्के धोक्यात. मासे, गोगलगायी, चतुर, खेकडे, वनस्पती सगळं धरून. न्गेगेचा सख्खा भाऊ म्हणावा असा म्बिरू, तोही याच यादीत याच वर्गात.

आता कुठे आहे ते. मोठ्या सरोवरात जवळजवळ नाही. पण काठाने, मुख्य पाण्यापासून दलदलीने तुटलेली छोटी छोटी तळी आहेत, केनियात आहेत, युगांडात कियोगा सरोवराच्या आजूबाजूला आहेत, तिथे तो टिकून आहे. सगळ्यात जास्त नाव ऐकू येतं ते कान्याबोलीचं. केनियाच्या सियाया काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ‘याला’ नावाची नदी सरोवराला मिळते तिथे साधारण १७,५०० हेक्टरची दलदल आहे, तिच्या एका टोकाला हे कान्याबोली, दहा-एक चौरस किलोमीटरचं, उथळ, चहाच्या रंगाचं पाणी आणि भोवती पपायरसची भिंत.

ही भिंत काय चीज आहे ते जरा जवळून बघू. पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातलं गवत, पण माणसाच्या दुप्पट उंच, टोकाला हिरव्या झिपऱ्यांचा गुच्छ. मुळांचा एकात एक गुंतून गालिचा होतो, कित्येक ठिकाणी तो पाण्यावर तरंगतो, त्यावर पाय ठेवला की सगळं डुगडुगतं. त्या गालिच्याखाली अंधार, मेलेली पाती कुजतायत, कुजताना पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतायत, वाऱ्याने पाणी हलावं तर वारा आत येत नाही. नाईल पर्चला ऑक्सिजन भरपूर लागतो, एवढं मोठं अंग, सतत पोहायचं, तो या पाण्यात शिरला तर त्याचा जीव घुसमटतो. न्गेगे आणि बाकीचे सिक्लिड कमी ऑक्सिजनवर काढू शकतात, अगदीच कमी पडला तर पृष्ठभागाशी येऊन हवेला लागून असलेलं वरचं पातळ पाणी पितात, त्यात थोडा ऑक्सिजन असतो. म्हणजे शंभर वर्षं ज्या दलदलीला लोक रोगट, निरुपयोगी म्हणत आले तीच या माशाच्या दाराशी राखण करत बसलीय.

आणि त्याच दलदलीचा निचरा करून शेती करायचा उद्योग १९६० च्या दशकापासून चालूच आहे. आधी सरकारी योजना, बांध घातले, नदीचं पाणी वळवलं, मग २००० च्या दशकात एका खाजगी कंपनीने मोठा पट्टा भाड्याने घेऊन भात लावला. लोकांचंही चुकतं असं म्हणवत नाही, पपायरस कापून चटया-टोपल्या विकणारे, कोरड्या दिवसांत जाळून मका लावणारे हे सगळे पोटासाठीच करतात. २०१० मध्ये कान्याबोलीला राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलंय, तिथे सिटाटुंगा नावाचं पाण्यात राहणारं हरीणही आहे, त्यामुळे पाहुणे येतात. पण कागदावरची रेघ पपायरसइतकी दाट नसते.

खरी भीती पर्चची नाहीच. कोणीतरी एक बादलीभर नाईल टिलापियाची पिल्लं तळ्यात ओतली, चांगल्या हेतूने ओतली, उत्पन्न वाढेल म्हणून, की संपलं. दलदल त्याला अडवू शकत नाही, तोही न्गेगेइतकाच चिवट आहे.

प्रश्न: मी भूगोल शिकवते. व्हिक्टोरियात पाचशे जातींचे सिक्लिड पंधरा हजार वर्षांत तयार झाले असं वाचलं. एवढ्या कमी वेळात? आणि त्यातले किती गेले?

उत्तर: मॅडम, हा वेगळ्या सदराचा विषय आहे, थोडक्यात सांगते. सरोवराच्या तळातला गाळ खोलवरून काढून तपासला तर सुमारे १५ हजार वर्षांपूर्वी सगळं सरोवर आटलं होतं असं दिसतं. आज ६८ हजार चौरस किलोमीटर पसरलेलं हे पाणी तेव्हा गवताळ मैदान होतं. म्हणजे आजच्या जाती त्यानंतर फुटल्या, आजूबाजूच्या नद्यांतून आलेल्या, एकमेकांत मिसळलेल्या पूर्वजांपासून. उत्क्रांतीच्या घड्याळात हे म्हणजे डोळ्याची पापणी लवली.

यांना तिकडे फुरू म्हणतात. न्गेगे फुरू नव्हे, दोघं सिक्लिड पण घराणी वेगळी. १९८० च्या दशकात अंदाजे दोनशे जातींचे फुरू दिसेनासे झाले, आणि इथे मात्र नाईल पर्चचा हात सगळ्यात मोठा. पण वर्गात सांगायला याहून चांगली गोष्ट आहे. पुंडामिलिया नावाचे दोन जवळचे फुरू आहेत, एकाचे नर निळे, ते वरच्या उजेडाच्या पाण्यात, दुसऱ्याचे नर लाल, ते जरा खाली. लाल वाल्याचं नाव न्येरेरेई, टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्यावरून ठेवलेलं. मादी नराचा रंग बघून निवडते, त्यामुळे दोन जाती वेगळ्या राहतात. ओले झेहाउझन हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं की पाणी गढूळ झालं की रंगच धड दिसत नाही, मादी कोणालाही निवडते आणि दोन जातींची एक खिचडी होते. कोणी कोणाला खाल्लं नाही, तरी जात गेली.

थोडे फुरू १९९० च्या दशकात पर्चची मासेमारी जोरात झाल्यावर परत दिसू लागले, हेही सांगा, मुलं फार उदास व्हायला नकोत.

प्रश्न: एक मासा गेला तर काय बिघडलं? नाईल पर्चने त्या लोकांना डॉलर मिळवून दिले की. पोट भरलेल्यांचे लाड आहेत हे.

उत्तर: तुमचा मेसेज जरा सौम्य करून छापलाय. प्रश्न मात्र रास्त आहे, त्यामुळे टाळत नाही.

पर्चने पैसा आणला, खोटं कशाला बोलू. सरोवराकाठच्या केनिया, युगांडा, टांझानिया या तिन्ही देशांत फिलेटचे, म्हणजे काटे काढलेल्या मांसाच्या तुकड्यांचे, कारखाने उभे राहिले, माल युरोपात जायला लागला, बर्फवाले, ट्रकवाले, होड्या बांधणारे, हजारो लोकांची चूल त्यावर पेटली. १९९७ ते १९९९ मध्ये युरोपने कधी साल्मोनेला, कधी कॉलरा, कधी मासे मारायला विष वापरतात म्हणून आयात रोखली तेव्हा तिकडे हाहाकार झाला, त्यावरूनच किती जण त्यावर जगत होते ते कळतं.

पण कुणाच्या पानात काय पडलं ते बघा. फिलेट विमानाने गेली. कारखान्याच्या मागच्या दाराने बाहेर आला तो सांगाडा, डोकं, मणका, त्याला चिकटलेलं थोडं मांस. किसुमूच्या वस्त्यांमधल्या बायका तो सांगाडा विकत घेऊन तेलात कडक तळतात आणि विकतात, त्याला स्वाहिलीत म्गोंगो वाझी म्हणतात, म्हणजे ‘उघडी पाठ’. ज्या सरोवराकाठी अख्खा न्गेगे गरिबाच्या घरात शिजायचा तिथे मासळी म्हणून उघडी पाठ. शिवाय बारीक मासा उन्हात वाळतो, पर्च तेलकट, तो धुरावर भाजावा लागतो, म्हणजे लाकूड, म्हणजे काठचं जंगल, म्हणजे माती पाण्यात, आणि माती पाण्यात गेल्यावर काय होतं ते वर टँकवाल्यांना सांगितलंच. गरिबाला खरा आधार दिला तो एका बोटभर चंदेरी माशाने, केनियात ओमेना, टांझानियात दागा, युगांडात मुकेने, रात्री दिवे लावून धरतात. तो स्थानिक आहे आणि या सगळ्या धुमश्चक्रीतून तरला, का तरला यावर पुन्हा कधीतरी.

तेव्हा डॉलर की मासा असा हिशेब तिथे कधी झालाच नाही. पर्च सोडताना कोणी काठच्या माणसाला विचारलं नव्हतं.

प्रश्न: दादा किंवा ताई जे असाल ते, मी नववीत आहे. कान्याबोलीतले न्गेगे पकडून हॅचरीत वाढवून परत मोठ्या सरोवरात सोडले तर?

उत्तर: ताई आहे. आणि विचार चांगला केलास, मोठे लोकही पहिल्यांदा हेच सुचवतात.

अडचण अशी की मासा नाही म्हणून तो तिथे नाही असं नाहीये. सोडशील ती पिल्लं कुठे जातील? डायटम कमी, नाईल टिलापिया सगळीकडे, पर्च तोंड उघडून, जाळी बारीक आसाची. वर गेल्या दहा-पंधरा वर्षांत सरोवरात पिंजऱ्यांमध्ये टिलापिया वाढवायचा धंदा जोरात आहे, पिंजऱ्यात असतो तो नाईल टिलापियाच, पिंजरा फाटला की ते बाहेर. सोडलेले न्गेगे मोठे झालेच तर त्यांची पिल्लं बहुतेक संकरित होतील. त्यामुळे सध्या शहाणपणाचं काम कंटाळवाणं आहे: ती छोटी तळी आहेत तशी ठेवणं, तिथे बाहेरचं काहीही न सोडणं, पपायरस शाबूत ठेवणं, आणि दर काही वर्षांनी माशांचा डीएनए तपासणं की हे अजून न्गेगेच आहेत ना, कारण संकर झालेला मासा नुसता बघून ओळखता येतोच असं नाही.

आता ते मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं. न्गेगे खाण्यासाठी म्हणून टांझानियात इतर ठिकाणीही नेऊन सोडला होता, सिंगिडा नावाच्या तळ्यात सोडला, त्यावरून इंग्रजीत त्याला सिंगिडा टिलापिया म्हणतात, म्हणजे ज्या गावचा नाही त्या गावचं नाव. पांगानी नदीवर न्युम्बा या मुंगू नावाचं धरण आहे, नावाचा अर्थ देवाचं घर, तिथेही सोडला आणि तिथे तो चांगला जगला. मग झालं तर, असं वाटेल. पण त्याच पांगानी खोऱ्यात ओरिओक्रोमिस जिपे नावाचा तिथला मूळ टिलापिया आहे, तोसुद्धा अतिसंकटग्रस्त, आणि त्याला ज्या बाहेरच्या माशांचा त्रास होतो त्यात आपला न्गेगे आहे. स्वतःच्या घरी जो बिचारा, तो तिथे घुसखोर. म्हणून रेड लिस्टवाले ते मासे हिशेबात धरत नाहीत.

प्रश्न: उच्चार काय करायचा हो? आमच्याकडे ‘नगेगे’ की ‘नेगे’ यावरून वाद झाला.

उत्तर: दोन्ही नाही. ‘अंगण’ म्हणा. आता त्यातला अ न उच्चारता, फक्त जीभ मागे टाळूला लावून नाकातून सुरुवात करून ‘ंगे’ म्हणा, आणि पुढे साधा ‘गे’. ग ऐकू आला पाहिजे. लुओ आणि स्वाहिलीत ग ऐकू न येणारा नुसता नाकातला आवाज वेगळा आहे, तो असेल तर लिहिताना वर टिंबासारखी स्वल्पविरामाची खूण करतात, या नावात ती खूण नाही. देवनागरीत जवळात जवळ न्गेगे, म्हणून तसं छापतो. भाच्याला किसुमूत ऑर्डर देताना उपयोग होईल, मासा दुसराच येईल तरी.